नाइसचे जुने अर्थ

“नाव बदललं की पोरगी आपोआप नाइस होईल,” आत्याबाई स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, आणि पाटावर लसूण सोलत बसलेला नाइस हा इंग्रजी शब्द म्हणाला, “मला यात ओढू नका.”

दाराआडून नव्या नवरीनं, शाल्मलीनं, हे ऐकलं. हातातला चुडा वाजू नये म्हणून ती तशीच उभी राहिली. घरात एक शब्द राहतो, हे तिला बघण्याच्या कार्यक्रमातच सांगितलं होतं. सासऱ्यांच्या आजोबांनी तो साहेबाच्या बंगल्यावरून आणला होता आणि त्याला तिखट सोसत नसे. माहेरच्यांना त्यात हरकत घेण्यासारखं काही वाटलं नाही.

दुपारी ताटात तांदूळ पसरले. त्यांत अंगठीनं ‘सुशीला’ लिहायचं होतं. शाल्मलीशेजारी नवरा, मिहीर, अंगठी धरून मान खाली घालून बसला.

“नावानं काही होत नाही हो,” शब्द म्हणाला. “मी घरोघर घरजावई होऊन फिरलो. लॅटिनांकडे होतो तेव्हा मला काहीच माहीत नसायचं. फ्रेंचांनी खुळा ठरवला. इंग्रजांकडे खुळाच गेलो, मग लाजाळू झालो, मग प्रत्येक गोष्टीत नाक मुरडणारा. चांगला झालो तो अगदी म्हातारपणी. नाव तेच राहिलं, त्याची शेपटी तेवढी झडली.”

सासूबाईंनी विचार केला. “मग वन्सं, नाव राहू द्या. अर्थच बदलू.”

“दोन्ही करू,” आत्याबाई म्हणाल्या. “कसर नको.”

शब्दानं पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. जुने अर्थ त्यानं डांबराच्या गोळ्या घालून ठेवले होते. आत्याबाईंनी ‘लाजाळू’ उचलून उजेडात धरला.

“हाच! फारसा वापरलेला दिसत नाही.”

“खांद्यात घट्ट होईल,” सासूबाई म्हणाल्या.

“सैल करता येतो.”

“ज्याला घालायचा त्यानंच निवडायचा,” शब्द म्हणाला. “रीत आहे तशी.”

“लाजाळू घे आणि संपव,” मिहीर कुजबुजला. “पाय आखडलेत माझे.”

शाल्मली उठली. ट्रंकेत कोपरापर्यंत हात घालून तिनं अगदी तळाचा, लॅटिनांकडचा अर्थ काढला, झटकला आणि पदरासारखा अंगावर घेतला. आत्याबाईंच्या हातून ‘लाजाळू’ तांदळात पडला.

“छान बसला,” ती मोठ्यानं म्हणाली. “आता मला काहीच माहीत नाही. सुशीला कोण, तेही नाही. तुम्ही मारा तिला हाका. आली की मला सांगा.”