शिंप्याचा हात आणि सुभेदाराचे पाय

सुई कशी धरावी हे मला या जगात कुणी शिकवू नये! चाळीस वर्षं शिवणकाम केलंय मी. एकदा तर एका न्यायाधीशाच्या कोटाचं बटण, कोट अंगात आणि न्यायाधीश झोपेत असताना, भर कोर्टात लावून दिलंय. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. अर्थात ते झोपेत होते, त्यांना काय आठवणार म्हणा!

त्यामुळं जेव्हा आमच्या सुभेदाराला मधुमेह झाला आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावं लागेल," तेव्हा मी चक्क हसलो.

सुभेदार म्हणजे आमचा बोका. वजन सात किलो, त्यात तोरा दोन किलोचा. पण साखरेनं त्याच्या मागच्या पायांतलं बळच गेलं होतं. पंजांवर डौलात चालणारा गडी टाचा जमिनीला टेकून, बसल्या बसल्या सरकावं तसा चालायला लागला होता. शिलाई मशीनवर उडी मारून बसायचा, तेही बंद. खालून नुसता मशीनकडे बघत राहायचा. ते बघणं मला बघवत नसे.

"साखर लवकर आटोक्यात आली तर पाय परत येतील," बाई म्हणाल्या. "उशीर झाला तर मात्र सांगता येत नाही. आता नीट बघा हं आजोबा. मानेमागची कातडी अशी चिमटीत उचलायची, आणि—"

"बाई, माशाला पोहायला शिकवताय?"

बायकोनं कोपरानं ढोसलं. मी ऐकतोय कुठला!

दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम सुरू. कातडीची चुणी धरायची, सुई सपकन घालायची, दट्ट्या दाबायचा, खलास! सुभेदार मिशीसुद्धा हलवायचा नाही. हात हलका असावा तर असा!

"अहो," चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "याच्या मानेचे केस ओले कसे?"

"घाम आला असेल."

"मांजराला? मानेवर?"

"आजारी आहे तो! आजारपणात कुणालाही कुठंही घाम येतो."

"आणि हा दवाखान्यासारखा वास?"

"अगं, औषध लागू पडतंय त्याचा वास तो! तुला सुईतलं काय कळतं? तू लावलेलं बटण दुपारपर्यंत टिकत नाही."

ती गप्प बसली. बायको गप्प बसली की समजावं, पुढं काहीतरी वाढून ठेवलंय.

दोन आठवड्यांनी तपासणी झाली. साखर जिथल्या तिथं! पाय तर आणखीच लुळे. डॉक्टरीणबाईंनी दोनाचे तीन युनिट केले आणि विचारलं, "चोरून काही खातो का हा?"

झालं! माझं डोकं मशीनच्या चाकासारखं फिरलं. माझा हात चुकणं शक्यच नाही, म्हणजे घरात फितुरी!

"मी?" बायको कडाडली. "त्याच्या बशीला हात तरी लावू देता का तुम्ही मला?"

मग राहिले खालच्या दुकानातले चष्मेवाले. जुन्या पँटच्या गॅलिसच्या पट्ट्यांपासून मी सुभेदारासाठी एक झोळणा शिवला होता. मागचे पाय त्यात अडकवायचे, पट्टे मी धरायचे, आणि दोघांनी गल्लीत फिरायचं. पुढचे पाय त्याचे, मागचे माझे! बघायला गर्दी जमायची. दमला की तो चष्मेवाल्यांच्या दारात बसे, आणि ते त्याच्याशी फार गोड बोलत. मला पटलं, हाच तो फितूर! त्याच रात्री मी सुभेदाराला एक जाकीट शिवलं आणि पाठीवर टपोऱ्या अक्षरांत भरतकाम केलं: "मला खायला घालू नये. हुकुमावरून."

तिसऱ्या दिवशी चष्मेवाले धापा टाकत वर आले.

"मास्तर, धंदा बुडवला तुमच्या बोक्यानं! गिऱ्हाईक दारात येतं, त्याच्या पाठीवरचं वाचतं आणि म्हणतं, 'अरे, मला तर दिसतंय की स्वच्छ!' आणि चष्मा न घेताच परत जातं!"

"आधी सांगा, काय खायला घालता त्याला?"

"शपथ घेऊन सांगतो, एक कणसुद्धा नाही हो!"

मग चोर कोण? त्या आठवड्यात सुभेदार बशीपर्यंतसुद्धा सरकेना. मी बशी त्याच्याकडे न्यायला लागलो. जेवण मलाही जाईना.

पुन्हा दवाखाना, बायकोही बरोबर. बाई साखर पुन्हा तपासून म्हणाल्या, "आजोबा, एकदा माझ्यासमोर टोचून दाखवा बरं."

मी बाह्या सरसावल्या. बाहेरच्या कुत्रेवाल्यांना, पोपटवाल्या काकूंना, सगळ्यांना हाक मारली. "या, या! बघून घ्या!" चुणी धरली, सुई घातली, दट्ट्या दाबला... आणि औषधाची पिचकारी थेट बाईंच्या चष्म्यावर!

कुत्रेवाले दोन पावलं मागं सरकले.

"आजोबा," बाईंनी शांतपणे चष्मा पुसला, "आत घातलेली सुई कुठं गेली?"

"कुठं म्हणजे? दुसऱ्या बाजूनं बाहेर! सुई पलीकडून निघाल्याशिवाय टाका कसा पडेल?"

"अहो, सुई आतच राहायला हवी! तीन आठवडे तुम्ही या बोक्याला धावदोरा घालताय. औषधाचा थेंबही अंगात गेलेला नाही त्याच्या!"

पोपटसुद्धा हसला. बाकीचं मी थोडं वाढवून सांगतो, पण पोपट खरंच हसला.

मी सुभेदाराकडे बघितलं. तीन आठवडे त्यानं मुकाट्यानं मान पुढं केली होती माझ्या. सिरिंज मी बायकोच्या हातात दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द न बोलता मागं उभा राहिलो.

दोनच युनिटपासून पुन्हा सुरुवात झाली. बटणसुद्धा न जमणाऱ्या माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी अचूक टोचलं! साखर उतरत गेली. मी रोज मापाची टेप घेऊन सुभेदाराच्या टाचा मोजायचो. जमिनीपासून पाव इंच, अर्धा इंच, पाऊण इंच! आख्ख्या गल्लीला आकडे ऐकवायचो. नातवाच्या मार्कांचं कुणी इतकं कौतुक केलं नसेल.

दोन महिने गेले. एका सकाळी बायकोचे हात भांड्यांत होते. उशीवर सराव करून करून मी एव्हाना तयार झालो होतो. म्हटलं, होऊन जाऊ दे!

"या सुभेदार," मी सिरिंज उचलली.

त्यानं माझ्याकडे बघितलं. सुईकडे बघितलं. आणि चारी पंजांवर सुटला जो बाण, तो जमिनीवरून स्टुलावर, स्टुलावरून टेबलावर आणि टेबलावरून थेट कपाटाच्या माथ्यावर! सहा फूट!

"उडाला! अगं, उडाला!" मी रडतच ओरडलो.

बायको हात पुसत आली. तिनं नुसतं "ये रे" म्हटलं, आणि साहेब टप टप उतरून तिच्यापुढं मान वाकवून बसले.

आता सगळी गल्ली म्हणते, बोक्याचे पाय परत आणले ते मास्तरीणबाईंनी. म्हणू देत! पण मला एक सांगा, दोन महिने ती टोचत होती, तेव्हा हा जागचा हलला तरी का? सहा फूट उडी मारायला लावली ती कुणी?