पुढील कार्यवाहीस्तव

"सायेब, आमी बसायचं कुठं?"

बुधवारी सकाळी साडेसहाला वाल्मिक गोजर दात घासत दारात आले, तर पायरीखाली धोंडूबाई उभी. डोक्यावर करवंदांची पाटी, तोंडावर पदर गच्च बांधलेला. डोळखांबच्या वरच्या पाड्यावरून ती दर उन्हाळ्यात भातसानगरच्या कॉलनीत करवंदं विकायला यायची, त्यामुळे तिला क्वार्टर ठाऊक होतं. पण यंदा दोन महिने कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं, आणि बसायचं कुठं हे तर गोजरांना आजवर कोणीच विचारलं नव्हतं.

"कशाला बसायचं?" तोंडातला फेस सावरत त्यांनी विचारलं.

"बाजाराला. तुमी बाजार खुला केलाव ना? टेंभुर्लीला समदी मानसं जमलीत. जागा कोन वाटनार, कोनाला ठाव नाय. मी बोलली, सायेबाला घरी जाऊन विचारते."

ब्रश तोंडात तसाच ठेवून गोजर मोबाइल शोधायला आत धावले.

त्यांचं दुखणं जुनं होतं. गोजर धरणाच्या ऑफिसात वरिष्ठ लिपिक. एकोणतीस वर्षं सरकारचा पगार, सरकारचं क्वार्टर, सरकारचं पाणी, आणि तितकीच वर्षं त्यांचं ठाम मत की सरकारने कशातही हात घालू नये. एप्रिलात साथ पुन्हा उसळली तेव्हा शेजारच्या ज्ञानेश्वरसाठी त्यांनी शहापूरपासून कल्याणपर्यंत फोन लावले होते. सरकारी खाट रिकामी नव्हती, खाजगी दुपारी होती ती संध्याकाळी नव्हती. ज्ञानेश्वर कसाबसा वाचला. गोजरांचं मत मात्र त्या धावपळीत दगडासारखं घट्ट झालं. भाव बांधून दिला की माल दुकानातून पळतो. मास्कचं झालं तेच खाटांचं झालं. ज्याला दवाखाना काढायचाय त्याला काढू द्या, ज्याला दुकान उघडायचंय त्याला उघडू द्या, आणि ज्याचं पोट हातावर आहे त्याला घरात कोंडू नका. हे सगळं त्यांनी चौदा पानांत लिहून काढलं.

बायकोने, म्हणजे अनिताबाईंनी, पानं मोजली आणि वाचायची टाळली. चौदा पानं मोबाइलवर कोण वाचणार, चार ओळीत लिहा, असा त्यांचा सल्ला पडला. म्हणून रविवारी गोजरांनी कॉलनीच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या:

"बाजार खुला करावा. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नसावी. मालाचा भाव ज्याने त्याने ठरवावा. सविस्तर बुधवारी."

खाली सवयीने लिहिलं, 'वा. गो. गोजर, वरिष्ठ लिपिक'. आणि त्याखाली, कारण या माणसाला कुठलाच कागद त्याशिवाय पुरा वाटत नसे, 'माहिती व पुढील कार्यवाहीस्तव'. घरच्या वाण्याच्या यादीखालीसुद्धा ते हेच लिहीत.

आता 'करावा' हा शब्द तुम्ही आम्ही बोललो तर ती इच्छा असते. लिपिकाच्या सहीवर आला की तो हुकूम होतो. त्यातून मे महिन्याची अखेर, आगोटीचे दिवस. पावसाच्या चार महिन्यांची सुकट, बोंबील, मिरची, कांदे, मीठ घरात भरायचं, छपरावर टाकायला मेणकापड घ्यायचं, भाताचं बियाणं बघायचं. टेंभुर्लीचा बुधवारचा बाजार दोन महिने बंद. पाड्यापाड्यावर लोक त्या एका बातमीची वाट बघत बसलेले, आणि बातमी गोजरांनी दिली.

सोमवारी कोणीतरी ग्रुपवर विचारलंही होतं, बाजार म्हणजे टेंभुर्लीचाच ना. गोजरांना आपल्या विचाराचा असा संकोच झालेला खपला नाही. त्यांनी खुलासा टाकला: "सदर बाजार केवळ टेंभुर्लीपुरता मर्यादित नसून त्याचा अर्थ व्यापक घ्यावा." खाली पुन्हा सही, पुन्हा कार्यवाहीस्तव. त्या खुलाशाने मुरबाडकडचे कांदेवाले आणि सुकटवाले टेम्पो भरून निघाले. गोजरांना आले ते एकतीस अंगठे, आणि समाज विचार करू लागला या समाधानात त्यांची मंगळवारची झोप फार छान झाली.

आता त्यांनी दोन्ही मेसेज आपल्या मोबाइलमधून पुसले, पण तोवर ते सात ग्रुप फिरून परत कॉलनीत आले होते, आणि परत येताना त्यांच्या डोक्यावर 'साहेबांचा आदेश' असं चढलेलं होतं.

"अहो, आता काय होणार?" अनिताबाईंनी विचारलं.

"गुन्हा," गोजर म्हणाले. "मग निलंबन. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. पेन्शन अडकेल."

"पेन्शन सरकारच देतं ना?" अनिताबाई एवढंच म्हणाल्या आणि त्यांना स्वच्छ मास्क आणून दिला.

धोंडूबाईला मागे बसवून गोजर स्कूटरवर निघाले. पाटी दोघांच्या मध्ये. वाटेत दोन जीप आणि एक टेम्पो त्यांना मागे टाकून पुढे गेले, आणि दर गाडीगणिक ते आतली माणसं मोजत गेले. पेन्शनची भीती होतीच. पण खिंडीच्या वळणावर दुसरीच भीती वर आली. या गर्दीतल्या एकाला जरी ताप असला, आणि आपल्या चार ओळींमुळे तो दहा घरांत गेला, तर? ज्ञानेश्वरच्या बायकोचा एप्रिलातला चेहरा त्यांना आठवला. खाट मिळेल का भाऊ, असं ती विचारत होती. त्यांनी नकळत स्कूटरचा वेग वाढवला.

"सायेब, हळू," मागून धोंडूबाई बोलली. "करवंदं सांडतील."

टेंभुर्लीच्या बाजारतळावर तीनशे तरी माणसं होती. पाट्या, गोणी, मेणकापडाच्या गुंडाळ्या, सुकटीचा वास. मांडलं कोणीच नव्हतं. सगळे साहेबाची वाट बघत होते, आणि वाट बघताना एकमेकांना चिकटून उभे होते. गोजर ओट्यावर चढले. लांब राहा, घरी जा, बाजार खुला झालेला नाही, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. कोणी हललं नाही. मग त्यांनी मूळ मुद्दा समजावायचं ठरवलं, आणि हीच त्यांची तिसरी चूक. मी लिहिलेला बाजार हा जागेवरचा बाजार नव्हे, तो विचारातला बाजार आहे, असं ते म्हणाले.

पुढे उभा असलेला देवजी हा म्हातारा पहाटे चारला डोंगर उतरून आला होता. त्याने शांतपणे विचारलं, "मंग सुकट पन विचारातच खायची का, सायेब?"

लोक हसले. गोजर हसू शकले नाहीत, कारण त्याच वेळी कोणीतरी ओरडलं की पोलिसांची गाडी डोळखांबच्या फाट्याला दिसली.

बाजारतळाच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिथे आरोग्य उपकेंद्राच्या जया सिस्टर गेले तीन दिवस लसीची पेटी घेऊन बसल्या होत्या. तीन दिवसांत अकरा माणसं आली होती. लस घेतली की माणूस दगावतो, अशी आवई घरोघर फिरली होती आणि समजावून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, फाट्याकडे पाहिलं आणि गोजरांना हाताने खाली बोलावलं.

"गोजरसाहेब, ही माणसं बाजाराला आलीत म्हनलं तर तुमी आत. लसीला आलीत म्हनलं तर हे शिबिर. रांग लावा."

"ही माणसं लस नाही घेणार."

"घेतील. लस घेतल्यावर अर्धा तास इथं बसावंच लागतं, नियम हाय. सहा सहा फुटांवर. बसलेल्या मानसानं समोर काय ठेवलंय, ते माज्या रजिस्टरात लिवायला रकानाच नाय."

चौदा पानांत गोजरांना जे मांडता आलं नव्हतं ते या बाईने दोन वाक्यांत मांडलं होतं, आणि तेही सरकारी पेटीवर हात ठेवून. पण कौतुकाला वेळ नव्हता. त्यांनी ओट्यावर चढून सांगितलं: जो लस घेईल त्याला अर्धा तास बसायला जागा. बसलेल्यांकडून घ्यायचं असेल तर घेणाऱ्यानेही आधी टोचून यायचं.

तळावर कुजबुज झाली. सुकटवाल्यांनी कांदेवाल्यांकडे पाहिलं. मग देवजी पुन्हा पुढे आला.

"तुमी घेतलाव का, सायेब?"

गोजरांनी घेतली नव्हती. फुकटची लस म्हणजे दुसऱ्याच्या खिशातली लस, मी कल्याणला खाजगीत पैसे देऊन घेईन, असं ते ऑफिसात तत्त्वाने सांगत. खरं कारण फक्त अनिताबाईंना ठाऊक होतं. सुई दिसली की या माणसाला घेरी येई. लग्नाआधी रक्त तपासायला गेले तेव्हा सासरेबुवांनी त्यांना धरून बाहेर आणलं होतं.

"घेणार आहे," ते पुटपुटले.

"मंग घ्या. आमी बघताव."

तीनशे माणसं बघत होती. फाट्यावरून धूळ उडताना दिसत होती. गोजर शेडमधल्या खुर्चीत बसले, बाही वर केली आणि डोळे गच्च मिटले. आपण इथे आडवे झालो तर लोक काय समजतील हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. लस घेतली आणि साहेब गेला, हीच बातमी सात ग्रुपवर जाईल आणि या खोऱ्यात पुन्हा कोणी बाही वर करणार नाही. आयुष्यात प्रथमच त्यांनी घेरीला निक्षून नकार दिला. काहीतरी टोचलं. कानात गुंऽऽ झालं. मग जया सिस्टरांचा आवाज आला, "झालं. तिकडं बसा."

ते चालत गेले. पाय कसे पडत होते ते त्यांचं त्यांना माहीत, पण चालत गेले. मागे एकच रेटा झाला आणि रांग लागली.

फाट्यावर टेम्पो अडवून चौकशी करत फौजदार पाऊण तासाने येऊन उतरले तेव्हा तळावर पन्नासेक माणसं सहा सहा फुटांवर शिस्तीत बसली होती. प्रत्येकाचा एक हात दंडावरच्या कापसावर, दुसऱ्या हातात तागडी किंवा बोंबील.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"निरीक्षण," जया सिस्टर सुई भरता भरता म्हणाल्या.

फौजदारांनी बसलेल्यांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. त्यांच्या वाट्याला महिनाभर गर्दीला काठी दाखवण्याचंच काम आलं होतं. रांगेत स्वतःहून अंतर राखणारी गर्दी ते प्रथमच बघत होते. त्यांनी विचारलं, हे शिबिर भरवलं कोणी. सगळ्या तळाने बोट दाखवलं. गोजरांनी दंडावरचा कापूस आणखी घट्ट दाबला. उठून सलाम करावा तर उठवत नव्हतं. फौजदारांनी वहीत त्यांचं नाव आणि हुद्दा लिहून घेतला, जीपमधून आणखी दोरी आणून रांग सरळ केली, आणि जाताना एका सुकटवाल्यापाशी बराच वेळ निरीक्षण करून गेले.

दुपारी लस संपली. तोवर नवीन पंचाईत झाली होती. अर्धा तास संपलेले लोक उठायला तयार नव्हते. एकीने तर जया सिस्टरांना गाठून विचारलं की दुसरा डोस आत्ताच दिला तर अजून अर्धा तास मिळेल का.

गोजर हे सगळं बघत बसून होते. वहीत लिहिलेलं नाव त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. त्यांच्यासमोरची जागा तेवढी रिकामी होती. शेजारी बसलेल्या धोंडूबाईला ते बघवेना. तिने पळसाच्या पानावर मूठभर करवंदं काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"रिकामं बसू नको, बाबा," ती म्हणाली. "लोक काय बोलतील."

पुढचे बारा दिवस गोजरांना अन्न म्हणून गोड लागलं नाही. एक भीती होती टेंभुर्लीत ताप आल्याची, दुसरी टपालाची. ताप आला नाही. ते रोज जया सिस्टरांना फोन करून विचारत आणि त्या रोज वैतागून नाही म्हणत. तेराव्या दिवशी टपाल आलं. तालुक्याचा शिक्का बघून त्यांना धड बसताही येईना. अनिताबाईंनीच पाकीट फोडून मोठ्याने वाचलं.

शासकीय लसीकरण मोहिमेस जनतेचा प्रतिसाद मिळवून दिल्याबद्दल श्री. गोजर यांचं अभिनंदन होतं. पुढे, त्यांचा अनुभव विचारात घेऊन, निवृत्तीपर्यंत दर बुधवारच्या सरकारी मोफत लसीकरण शिबिराचं काम त्यांच्याकडे सोपवलं होतं. मूळ काम सांभाळून. विनामोबदला.

"आणि खाली काय लिहिलंय माहितेय?" अनिताबाईंनी विचारलं.

गोजरांनी मान हलवली. त्यांना माहीत होतं.

पुढच्या बुधवारी ते टेंभुर्लीला पोचले तेव्हा पाऊस अजून आला नव्हता आणि रांग शेडपासून रस्त्यापर्यंत लागली होती. धोंडूबाई जांभळांची पाटी घेऊन सगळ्यांच्या पुढे. तिची लस झाली होती, पण ती नव्या माणसांना धीर द्यायला आली आहे, असं जया सिस्टरांनी रजिस्टरात लिहिलं होतं.

"सायेब," तिने विचारलं, "बाजार खुला ना?"

गोजरांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"खुला," ते म्हणाले. "पण अर्धा तास. आणि लिहून मागू नकोस."