टिटवीची मंजूर बोंब

एका जंगलात पळस फुलला की शिमगा येई. शिमग्याला, मुलांनो, उलटा हात तोंडावर ठेवून कोणीही कोणाच्याही नावाने बोंब मारावी. ज्याला हात नसेल त्याने पंख ठेवावा. अगदी सिंहाच्या नावानेही बोंब चाले. सिंहाने हसून ऐकून घ्यावे, अशी जुनी रीत होती. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ऐकण्याची रीत नव्हती.

त्या वर्षी टिटवी शिमग्याकडे डोळे लावून बसली होती. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे सारते आणि मधोमध अंडी घालते. तळ्याकाठच्या त्याच वाळूत सिंह दुपारी लोळायला येई. काल त्याची शेपटी अंड्यांपासून वीतभर अंतरावर आपटली होती.

"अहो, मी सांगणारच," टिटवी नवऱ्याला म्हणाली. "महाराज, लोळा, पण अंड्यांपासून चार हात पलीकडे लोळा हो!"

"सांग बाई. वर्षभर माझ्या कानाशी ओरडतेस, एक दिवस तिकडे ओरड."

पण कोल्हा नुकताच प्रधान झाला होता. जुन्या रीती त्याला फार प्रिय. फक्त त्या शिस्तीत व्हाव्यात, एवढेच त्याचे म्हणणे. त्याने हुकूम काढला, की बोंब तीन दिवस आधी लेखी सादर करावी.

टिटवीने सादर केली. कोल्ह्याने चष्मा पुसला.

"टिटवीबाई, 'महाराज' कशाला? नाव घेतलं की बोंब वैयक्तिक होते."

"बरं, काढा."

"'लोळा' हे राजाला शोभत नाही."

"मग काय, पहुडा म्हणू?"

"काहीच म्हणू नका. आणि 'अंडी'? अहो, सणाला बगळे सोवळ्यात असतात!"

"मग उरलं काय?"

"'हो' उरलं की. त्याच्या आधी 'वसंत आला' घाला. झाली बोंब."

"पण माझी अंडी, प्रधानजी?"

"पुढच्या शिमग्याला लवकर अर्ज करा."

शिमग्याच्या दिवशी सगळ्या जंगलाने मंजूर झालेली एकच बोंब मारली, "वसंत आला हो!" त्यात टिटवीचा आवाज सर्वांत वर. शेवटी गळा तिचाच.

वसंत म्हणजे आपणच, असे समजून सिंहाचे डोळे पाणावले. "किती वर्षांनी कोणी माझ्याविषयी बरं बोललं! या बाईंचा सत्कार त्यांच्या घरी जाऊन करू."

वाजतगाजत मिरवणूक तळ्याकाठी निघाली. टिटवी पुढे धावत किंचाळू लागली, "महाराज, तिथे नको! तिथे नको हो!"

"हा मजकूर मंजूर नाही," कोल्हा कुजबुजला.

"किती विनयशील बाई!" सिंह म्हणाला. "पाहुण्याला बसा म्हणायलासुद्धा संकोचतात."

आणि तो बसला.

तात्पर्य: अंडी काय, दर वसंतात घालता येतात. राजा घरी येऊन बसण्याचा योग मात्र एखाद्याच भाग्यवंताला लाभतो.