दोन्ही दारं पक्की

रविवारी दुपारी पावणेपाच वाजता आमच्या ऑफिसच्या साहेबांनी चहा टाकायला म्हणून स्वतःच्या अभ्यासिकेचं दार आत ओढलं, आणि समोर हॉल नव्हता. प्लायवूड होतं! जाडजूड, कोरं, चौकटीवर चपखल बसलेलं. काम सुबक होतं हे मी संतापातही नाकारणार नाही, कारण ते आमचंच होतं.

मी आणि माझा मेहुणा सुट्टीच्या दिवशी लोकांची घरं दुरुस्त करतो. कपाटं, फळ्या, दारं. 'एकदा बसवलं की हलणार नाही' ही आमची जाहिरात, आणि आजवर एकही काम हललेलं नाही. हललंय ते आमचं घर. एकदा जेवताना आम्ही बिजागऱ्यांवरून असे जुंपलो की बायकोने फर्मान काढलं, घरात धंद्याचा शब्द निघाला तर दोघांनी ताटावरून उठायचं. तेव्हापासून आम्ही मुकाट जेवतो आणि कोणी कोणतं काम घेतलंय ते एकमेकांना सांगत नाही.

साहेबांचं काम मी घेतलं ते बढतीसाठी. संध्याकाळी साडेसातच्या गाडीने साहेब मुख्य कार्यालयात निघणार होते आणि उद्या तिथे माझं नाव सुचवणार होते. त्यांच्या हुकुमावरून मागच्या रविवारी मी अभ्यासिकेचं बेडरूमकडचं दार कायमचं बंद केलं. त्यांच्या पत्नी त्याच्या आदल्या दिवसापासून बहिणीकडे आहेत. आज मी आत फळ्या लावत होतो, तर मेहुणा हजर!

"बाईंनी फोनवर हॉलमधलं एक काम सांगितलंय," म्हणाला.

कुठलं, हे मी विचारलं नाही. सवयच मोडली आहे! धूळ बाहेर जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने फटीतून हात आत आला. "भावजी, मशीन द्या. आणि मोठे स्क्रू. असतील तेवढे."

दिले! या हातांनी दिले!

बाहेर घर्रर्र सुरू झालं. साहेब कौतुकाने म्हणाले, "तुमचा पार्टनर मेहनती दिसतो."

"मेहनतीच आहे तो," मी म्हणालो. जीभ कशी झडली नाही माझी!

आता साहेबांनी प्लायवूडला लाथ मारली. मग मी मारली. मग दोघांनी मिळून. प्लायवूड सरकारी फायलीसारखं ढिम्म.

"हे तुटत का नाही?" साहेब ओरडले.

"मागे गोंदही लावतो आम्ही, सर."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथे खिडकी होती, छताला टेकलेली, मांजरापुरती, वर बारीक लोखंडी जाळी ठोकलेली. मेहुणा फोन उचलेना. बायकोला लावला.

"तुझ्या भावाला सांग..."

"धंद्याचं आहे का?"

"अगं, मी कोंडला गेलोय!"

"धंद्यात ना? मग ठेवते." ठेवला!

अखेर मेहुण्याने फोन घेतला. आवाजात शाबासकीची अपेक्षा. "कसं झालंय, भावजी?"

"गाढवा, आम्ही आत आहोत!"

"मग या की बाहेर. बेडरूमकडचं दार आहे ना?"

"ते मी मागच्या रविवारी बंद केलं!"

पलीकडे तो रिक्षावाल्याला 'वळवा, वळवा' म्हणाला. मग, "मला बोलला नाहीत."

"कधी बोलू? जेवताना?"

"ओरडू नका, येतो!"

आला. पण जाताना त्याने घराचं मुख्य दार ओढून घेतलं होतं आणि ते आपोआप कुलूप लागणारं. एक किल्ली साहेबांच्या खिशात, ती खिडकीच्या जाळीतून जाईना; दुसरी बाईंकडे. साहेबांनी बाईंना फोन लावला. स्पीकरवर.

"बेडरूमचं दार बंद करायचं कोणाच्या डोक्यातून निघालं?" बाई कडाडल्या. "मी हॉलकडचं बंद करा म्हटलं होतं ना?"

"तू आधी किल्ली घेऊन ये!"

"आधी उत्तर! तोवर मी इथून हलत नाही."

साहेबांनी फोनवर तळहात ठेवला. रागाने कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते, पण आवाज एकदम ऑफिसातला. "सांगा, ती कल्पना तुमची होती. उद्या तुमचं नाव मी सुचवायचंय, लक्षात आहे ना?"

दाराबाहेर मेहुण्याच्या फोनवरही बाईच होत्या, बहिणीच्या मोबाइलवरून. तो खिडकीखाली येऊन बोंबलला, "भावजी! बाई म्हणतात, कल्पना आपली असेल तर त्यांच्या बहिणीच्या घराचं मी घेतलेलं सगळं काम कॅन्सल! आणि आपल्या घरी ताईला त्या स्वतः फोन करणार आहेत!"

साहेबांनी फोन माझ्या हातात कोंबला. सहा वाजून गेले आहेत. गाडी अजून मिळू शकते. बाई दोनदा 'हॅलो' म्हणाल्या आहेत.