वरची डावी पहिली दाढ

शंभर तास उभं राहून ब्रिटा नीमीच्या पायांना गोळे आले होते आणि डॉक्टर सोलबर्ग म्हणत होते, "शिफारसपत्रात लिहू तरी काय? मुलगी छान उभी राहते?"

ब्रिटा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिला दंतवैद्य व्हायचं होतं. त्या प्रवेशासाठी मार्क लागत, परीक्षा लागे आणि एखाद्या दंतवैद्याच्या मागे उभं राहून त्याचं काम पाहिल्याचे तास लागत. एवढं सगळं तिने केलं होतं. अडलं होतं ते त्याच दंतवैद्याच्या पत्रापाशी. नॉर्थ डकोटातल्या एल्म्सबीसारख्या हजार वस्तीच्या गावात दंतवैद्य एकच, आणि तोही नेमका खरं बोलणारा निघाला.

"मी पाहिलं तेवढंच लिहितो," डॉक्टर म्हणाले. "रुग्णाला हात लावायची तुला परवानगी नाही, कबूल. पण मग तुझा हात कसा चालतो हे मला कळणार कसं?"

ब्रिटाने पिशवीतून साबणात कोरलेली एक दाढ काढून टेबलावर ठेवली. हाताचं कौशल्य दाखवायला साबणात दात कोरायचे, ही या वाटेवरच्या मुलांची जुनी रीत. या एका दाढेत साबणाची अख्खी वडी खर्ची पडली होती.

डॉक्टरांनी दाढ फिरवून पाहिली. "कुणाची म्हणायची ही? बैलाची?"

"माणसाची."

"मग माणसाच्या तोंडात मावेल अशी आण. पत्र सोमवारी टपालात पडायला हवं ना? सोमवारी सकाळी दाखव. पटलं तर तिथल्या तिथे लिहितो, नाही पटलं तर नाही."

हे झालं बुधवारी. गुरुवार-शुक्रवार ब्रिटाने जेवणाखेरीज सुरी खाली ठेवली नाही. तिच्या आईला, लॉरेटाला, वासाने शिंका येत, म्हणून घरात साबण बिनवासाचा. त्यातून तिने सहा दाढा कोरल्या, अगदी खऱ्या मापाच्या, आणि त्या हाताला आली त्या बशीत ठेवून धूळ बसू नये म्हणून वरून पातळ प्लास्टिक ताणून बसवलं. घात झाला तो इथेच. त्या बशीच्या पाठीवर चिकटपट्टी होती आणि पट्टीवर लॉरेटाचं नाव. एल्म्सबीत पाठीवर नाव असलेली झाकलेली बशी चर्चच्या जेवणाची असते. तिथे कुणी विचारत बसत नाही, बशी उचलतात आणि चालू लागतात.

शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात डॉक्टर सोलबर्ग आणि मार्गिटबाईंच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. असल्या समारंभाला बटर मिंट म्हणजे लोणी-साखरेच्या फिकट पांढऱ्या गोळ्या नसतील, तर लग्न झालंच नव्हतं असं गाव धरून चालतं.

ब्रिटा अंघोळ करून खाली आली तर ओट्यावर काही नव्हतं.

"आई, इथली बशी?"

"व्हर्ना मावशी चर्चला घेऊन गेली. माझ्या बटर मिंटची आणि ती, दोन्ही."

"दोन्ही? अगं, त्यात माझे दात होते."

लॉरेटाने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "आहेत की सगळे."

"साबणाचे, आई."

"मग माझ्या नावाच्या बशीत कशाला ठेवायचे? व्हर्नाला काय स्वप्न पडणार होतं?" लॉरेटाने गाडीची किल्ली तिच्याकडे फेकली. "पळ. आणि केस पूस, सर्दी होईल."

चर्चमध्ये पोचेपर्यंत व्हर्ना मावशीच्या दोन्ही बशा एका मोठ्या काचेच्या भांड्यात ओतून झाल्या होत्या. ब्रिटा त्यात दोन्ही हात घालून चाळायला लागली तशी मावशीने तिच्या मनगटावर चापट दिली.

"अगं, गव्हाचं बियाणं निवडतेयस का? रांगेत ये, सगळ्यांना मिळेल."

"मावशी, तू दुसऱ्या बशीतल्या कुणाला दिल्यास?"

"मला काय माहीत? थोड्या वेड्यावाकड्या होत्या, पण तुझ्या आईला मी आजवर काही बोलले नाही, आता काय बोलू."

भांड्यात चार सापडल्या. पाचवी नव्वदीच्या टिल्डा आजींच्या तोंडात होती. कवळीने त्या ती शांतपणे चघळत होत्या.

"आजी, थुंका ती. कशी लागतेय?"

"लॉरेटाच्या नेहमी असतात तशीच," आजी म्हणाल्या. "यंदा जरा मऊ आहे." आणि त्यांनी गिळली. ब्रिटाने त्यांना लागोपाठ दोन पेले पाणी पाजलं. आजींना वाटलं, हल्लीची मुलं किती जीव लावतात.

उरली सहावी. ब्रिटाने चहूकडे नजर फिरवली आणि कॉफीच्या मोठ्या पिंपामागे तिला डॉक्टर दिसले. तीन पिढ्यांना गोड खाण्यावरून फैलावर घेणारा हा माणूस गावाकडे पाठ करून उभा होता. त्याचा एक गाल फुगलेला होता आणि ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस दिसत होता. दोघांची नजरानजर झाली. थुंकावं तर हातात गोळी दिसणार आणि चाळीस वर्षांची इज्जत जाणार, आणि गिळणं तर शक्यच नाही.  सोमवारचं पत्र त्या तोंडात विरघळत होतं.

"आता डॉक्टर दोन शब्द बोलतील," पाद्रीबुवांनी जाहीर केलं.

डॉक्टर पुढे आले. गर्दीकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. डोळ्यांत साबणाने पाणी उभं राहिलं होतंच. बोलायचा विचार त्यांनी सोडून दिला, मार्गिटबाईंना घट्ट मिठी मारली आणि तोंड त्यांच्या खांद्यात खुपसून तसेच उभे राहिले.

तळघरभर रुमाल निघाले. 

"पन्नास वर्षांत पहिल्यांदा याला शब्द सुचले नाहीत," मार्गिटबाई हुंदका देत म्हणाल्या. त्यांचा खांदा ओला झाला होता आणि त्या हरखून गेल्या होत्या.

ब्रिटा स्वयंपाकघरात गेली तेव्हा डॉक्टर मोरीवर वाकून चूळ भरत होते. ती दाराशी उभी राहिली. उभं राहण्याची तिला सवय होतीच.

"डॉक्टर, चूक माझी आहे. बशी चुकली. पत्राचं मी आता बोलणार नाही."

डॉक्टरांनी तळहात उघडला. मधोमध ती ओली दाढ होती.

"वरची डावी पहिली," ते म्हणाले. "पिंपामागे उभा होतो तेव्हाच ओळखली. जिभेनेच." त्यांनी ती उजेडात धरली. "खाचा कुठे किती खोल जाव्यात, हे बरोबर साधलंयस. फक्त हा पाचवा बारका उंचवटा गालाकडे काढलास. तो जिभेकडे असतो. जिभेला तो सापडेना, म्हणून तर मी इतका वेळ तोंडात घोळवत बसलो, नाहीतर वेळेवर थुंकलो असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे हात पाहिला मी. लिहितो." ते थांबले, आणि या गावातल्या सर्वांत करड्या माणसाचा आवाज खाली आला. "मी इथे काय खात होतो, हे मात्र कुणाला कळता कामा नये."

"कुणालाच नाही," ब्रिटा म्हणाली.

पत्र बंद लिफाफ्यातून गेलं. ब्रिटाला ते वाचायला मिळणार नव्हतं. जानेवारीत मुलाखतीला तीन प्राध्यापक समोर बसले होते आणि मधल्या बाईंच्या हातात ते होतं.

"डॉक्टर सोलबर्ग लिहितात," बाई म्हणाल्या, "'हिने कोरलेली दाढ मी न पाहता ओळखली.' न पाहता कशी?"

खरं सांगितलं तर तिघंही खळखळून हसतील आणि जागा बहुतेक पक्की होईल, हे ब्रिटाला दिसत होतं. टिल्डा आजींची गोष्ट तर हमखास. 

"ती त्यांची खाजगी गोष्ट आहे," ती म्हणाली. "मला सांगता येणार नाही."

"आम्हालाही नाही?"

"नाही. माफ करा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघांनीही काहीतरी लिहिलं. ब्रिटाला वाटलं, संपलं सगळं.

"रुग्णाचं गुपित कसं जपाल, हा आमचा शेवटचा प्रश्न होता," बाई कागद मिटत म्हणाल्या. "तो आता विचारायला नको." त्यांनी टेबलावरची बशी पुढे सरकवली. बशीत फिकट पांढऱ्या गोळ्या होत्या. "घ्या एक. सप्टेंबरमध्ये भेटू, असं मी अजून म्हणायचं नाही, पण घ्या."

ब्रिटाने आधी बशी किंचित उचलून तिची पाठ पाहिली. मग एक घेतली.