हाजिरजामीन झिंगरूजी

पहाटे कोणी आपले दार वाजवून "हायेस काय रे?" एवढेच विचारावे, आतून "हाव जी" असे उत्तर आले की एक शब्दही न बोलता पुढच्या दाराकडे वळावे, आणि असे रोज घडावे, याला कोणी वेड म्हणेल. सालेकशाजवळच्या आमच्या गावात याला झिंगरूजींची फेरी म्हणत.

आमचे हल्लीचे मास्तर सांगत फिरतात की झिंगरूजींनी एका गोंडाची बासरी दाबून ठेवली. मास्तर त्या काळी या गावात नव्हते, मी होतो. इंग्रजी अमदानीत गोंदियाच्या कचेरीसमोर चिंचेखाली बसून मी अर्ज लिहीत असे, आणि झिंगरूजी माझे शेजारी होते. तेव्हा ऐकायचे तर माझे ऐकावे.

जामीन तीन प्रकारचे असत. पैशाची हमी घेणारा मालजामीन, वर्तणुकीची हमी घेणारा फैलजामीन, आणि माणूस पेशीला म्हणजे सुनावणीला हजर करण्याची हमी घेणारा हाजिरजामीन. झिंगरूजी पहिल्या दोन प्रकारांना हात लावत नसत. "वर्तनुकीची हमी देव बी घेत नाई," ते म्हणत, "मी फक्त मानूस आनून देतो." पहाटेची फेरी असे ती याच हमी घेतलेल्या माणसांच्या दारांवरून.

त्यांची एक रीत होती. जामीनखतावर अंगठा उठवण्यापूर्वी ते त्या माणसाची एखादी जिवाभावाची वस्तू मागून घेत आणि आपल्या ओसरीतील खुंटीवर टांगत. कोणाची तंबाखूची चंची, कोणाचे लग्नातले पागोटे. खटला संपला की वस्तू परत. एका गृहस्थांनी आपली सासू ठेवून घ्यावी असे सुचवले, तेव्हा झिंगरूजी शांतपणे म्हणाले, "जिवाभावाची पायजे, बाप्पा."

एकदा कचेरीत स्कॉटलंडचा एक साहेब आला. झिंगरूजींची कीर्ती ऐकून तो हसला आणि म्हणाला, आमच्या देशात अशा माणसाला केशनर म्हणतात. आमचे एक वकील अजून सांगतात की तो शब्द इंग्रजी 'कॉशन'वरून आला, म्हणून त्याचा अर्थ 'ताकीद देणारा'. चूक आहे. साहेबाने माझ्यासमोर सांगितले की तो शब्द जुन्या लॅटिनातून आला आणि त्याच्या मुळाशी सावध राहणे, काळजी घेणे हा अर्थ आहे. त्याने असेही सांगितले की पूर्वी तिकडे सावकाराला आधी मूळ कर्जदाराला गाठावे लागे, मगच केशनरच्या दारी जाता येई. पुढे कायद्याने ती सवलत काढून घेतली. मी हे समजावून दिल्यावर झिंगरूजी म्हणाले, "आपलं बरं हाय. आपन सोताच पयले त्याच्या दारी जातो."

पेशीच्या आदल्या दिवशी त्यांचे पाय एका जागी ठरत नसत. ओसरीतून अंगणात, अंगणातून माझ्याकडे, माझ्याकडून स्टेशनावर. गाडी उद्याची असे. हे आजच रूळ पाहून येत. मी चिडून म्हणे, "बसा ना जी जरा." ते बसत, आणि माझे वाक्य पुरे होण्याआधी उठत.

माझ्या ध्यानात एक गोष्ट फार उशिरा आली. इतर जामीनदार आपला माणूस सुटला की पेढे मागतात. झिंगरूजींचे तोंड उतरे. त्यांच्या घरात दुसरे कोणी नव्हते. बायको गेली होती, मूलबाळ झाले नव्हते.

एका वर्षी खुंट्या रिकाम्या होत होत एकच वस्तू उरली. दरेकशाच्या सोमारूची बासरी. सोमारू रानात मजुरी करी. सागवान तोडल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्याच्यासाठी झिंगरूजी एक दिवसाआड दरेकशाची वाट तुडवीत.

शेवटच्या पेशीला ते चिंचेखाली माझ्या चटईशी आले. "अर्ज लिहा जी. सोमारूले ताप हाय, पेशी वाढवा."

सोमारू शेजारीच धडधाकट उभा राहून तंबाखू चोळत होता.

"काऊन?" मी विचारले. "आज तो सुटून राहिला ना."

"म्हनूनच," ते म्हणाले.

मी खोटा अर्ज लिहिला नाही. आयुष्यात कधीच लिहिला नाही. दुपारी पुराव्याअभावी सोमारू सुटला. पायऱ्या उतरताना झिंगरूजी कोणाकडेच न पाहता बोलले, "आता सकायी कोनाले इचारू?" ते मी ऐकले. सोमारूनेही ऐकले असावे.

दुसऱ्या दिवशी तो बासरी न्यायला आला, तेव्हा मी त्याच ओसरीत बसलो होतो, हे मास्तरांनी लक्षात घ्यावे. झिंगरूजींनी स्वतः बासरी काढून, धोतराच्या सोग्याने पुसून त्याच्या हाती दिली. सोमारूने ती ओठांना लावली, थोडी वाजवली, आणि पुन्हा खुंटीवर टांगली.

"राहू द्या मालक. माही पेशी आखीन हाय."

"कोनत्या कचेरीत?"

सोमारू पायतण घालून निघून गेला.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी तो डोंगर उतरून येई, झिंगरूजींच्या बंद दारासमोर उभा राही आणि हाक देई, "हायेस काय, मालक?"

आणि आतून, घाईघाईने, उत्तर येई, "हाव जी, हाव."