मागच्या दाराचं कुत्रं

बायको ताना गेली त्या संध्याकाळी हंबीरराव उचगावच्या परमिट रूममध्ये छाती काढून बसला होता. सत्त्याण्णव साल होतं. तिसरा ग्लास संपवून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता उठून सरळ घरला जातो. पाय हलला तर नाव बदला."

ही नुसती बढाई नव्हती. त्याला झुलताना गावानं कधीच पाहिलं नव्हतं. घरी मात्र तो दूध संस्थेची मीटिंग आहे असं सांगून निघायचा. एवढ्या मीटिंगा खरंच झाल्या असत्या तर म्हशींनी राजीनामे दिले असते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याचा कुत्रा टिप्या आत घुसला आणि त्यानं हंबीररावाची विजार दातात धरली.

"कुणाचं रं हे कुत्रं?" मालक बाळासो गरजला.

"माझं न्हाय," हंबीरराव म्हणाला. हो म्हणावं तर बातमी घरी जाणार आणि मीटिंगचं बिंग फुटणार.

टिप्याच्या मागोमाग शेजारचा आकाराम धापा टाकत आला. "हंबीरराव, घरला चला. वैनी गेल्या. चुलीम्होरं बसल्या हुत्या, तशाच. मी दूध संस्थेत चाललोतो, ह्यानंच हिकडं आणलं."

टिप्याला इथला पत्ता कसा ठाऊक, हे विचारायचं त्या धक्क्यात कुणालाच सुचलं नाही.

रक्षाविसर्जनाला तानाच्या आवडीचं सगळं ठेवलं, पण कावळा शिवेना. सगळे कावळे झाडावर बसून ग्रामपंचायतीच्या मेंबरांसारखे एकमेकांकडं बघत होते. बहीण चिमणाबाई कानाशी लागली, "दादा, दारू सोडतो म्हण. तिचा जीव त्यातच अडकलाय."

तेवढं सोडून हंबीरराव काहीही म्हणायला तयार होता. शेवटी हात जोडून तो म्हणाला, "ताना, टिप्याला एकटं सोडणार न्हाय. जाईन तिथं संगं नेईन."

बोलणं संपायच्या आत कावळा खाली. चिमणाबाईला धक्का बसला आणि हंबीररावाला त्याहून मोठा.

महिन्याभरानं तो टिप्याला घेऊन परमिट रूमच्या दारात उभा राहिला.

"कुत्रं आत न्हाय," बाळासो म्हणाला. "भाईर बांध."

"बांधता येत न्हाय. कावळ्याम्होरं शबुद दिलाय."

"उद्या कोण म्हस घेऊन यील."

कोपऱ्यातला एक पाव्हणा म्हणाला, "आणि ताटात तोंड घातलं म्हंजे?"

"तुम्ही माझ्या ताटात मघापासनं घालताय पावणं," आकाराम म्हणाला. "तुम्हास्नी कोण भाईर बांधतंय?"

हंबीरराव हळूच म्हणाला, "बाळासो, तिचं एवढंच राहिलंय माझ्याजवळ."

बाळासोनं फडक्यानं एक टेबल पुसलं. "टेबलाखाली बसव. जागा सोडली तर दोघंबी भाईर. कायमचं."

पहिला ग्लास ठीक गेला. दुसऱ्याच्या तळाशी समोरची भिंत तिरकी झाली. तिसऱ्याला हात घातला आणि हंबीरराव खुर्चीसकट जमिनीवर आला. अख्खी परमिट रूम उभी राहिली. हिंदकेसरी पैलवान गवताच्या काडीला अडखळून पडावा, तसे सगळे बघत राहिले.

"दुःखानं पडला," आकाराम म्हणाला.

"कुत्र्यानं वढला," बाळासो म्हणाला आणि टेबलाखाली वाकला. टिप्या तिथं नव्हताच. तो स्वयंपाकघरात आचारी आण्णापुढं शेपूट हलवत बसला होता आणि आण्णानं काही न विचारता त्याला हाड टाकलं होतं.

"तू वळखतोस ह्याला?" हंबीररावानं जमिनीवरूनच विचारलं.

आण्णानं डोळे पुसले. "वैनी रोज सांजचं ह्याला घेऊन मागच्या दाराला यायच्या. कितवा चाललाय इचारायच्या. दुसऱ्यात निम्मं पाणी घाल म्हणायच्या, आणि तिसऱ्यात नुसता वास ऱ्हाऊ दे. रंगाला मी जरा कोरा चहा वतायचो. त्यांचे पाय सरळ पडले पायजेत, गावात हसं नगं, एवढंच म्हणायच्या."

"आणि आज?"

"आज सांगाय कोण आलं न्हाय. तशीच दिली."

"आणि इतकी वर्षं उरल्याली दारू?"

आण्णानं मालकाकडं बघितलं. मालक पंख्याकडं बघू लागला.

त्या दिवसापासून टिप्याला आत कुठंही बसायची परवानगी मिळाली. पण तो पुढच्या दारानं येईना. शब्द दिलेला असल्यामुळं हंबीररावालाही मागच्या दारानं, भांड्यांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत यावं लागायचं. दुसऱ्या ग्लासाच्या वेळी आण्णा रोज विचारायचा, "पाणी घालू का नगं?"

ग्लास न पिता तसाच पुढ्यात राहायचा. हंबीररावानं उत्तर कधीच दिलं नाही.